अमाइनांचे अनुजात आणि कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिस : नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

बडोद्याच्या मकरपुरा आणि नंदेसरी भागांतील प्रयोगशाळांमध्ये दरवर्षी रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली मुले-मुली रुजू होतात. त्यांतल्या एखाद्याच्या पुढ्यात पहिल्याच महिन्यात कॅपिलरी इलेक्ट्रोफोरेसिसचे, म्हणजे केसासारख्या बारीक काचनळीत विद्युतदाबाने रेणू वेगळे करणारे, यंत्र येते आणि ‘या नमुन्यातली अमाइने मोजून द्या’ एवढाच निरोप मिळतो. मीही अशीच सुरुवात केली. दांडिया बाजारातल्या घरून सकाळी निघायचे, दिवसभर यंत्रासमोर बसायचे आणि संध्याकाळी एकही विश्वासार्ह आकडा हाती नसताना परत यायचे, असे माझे पहिले चार महिने गेले. ज्या गोष्टी मला तेव्हा कोणी क्रमाने सांगितल्या असत्या तर हे महिने वाचले असते, त्या येथे क्रमाने लिहिल्या आहेत.

आधी अडचण नेमकी काय आहे ते पाहू. पुट्रेसिन, कॅडाव्हेरिन, डायमिथिलअमाइन यांसारखी साधी अमाइने (नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुगे) अतिनील प्रकाश जवळजवळ शोषतच नाहीत, त्यामुळे यंत्रातील शोधकाला (डिटेक्टरला) ती दिसत नाहीत. त्यात कॅपिलरीचा आतला व्यास बहुधा ५० किंवा ७५ मायक्रोमीटर असतो आणि प्रकाशाला नमुन्यातून तेवढेच अंतर कापायला मिळते. नेहमीच्या १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटशी तुलना केली, तर ५० मायक्रोमीटरच्या कॅपिलरीत हे अंतर २०० पटींनी कमी आहे. म्हणून अमाइनाला प्रकाश शोषणारा किंवा फ्लुओरेसन्स देणारा (प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा प्रकाश सोडणारा) गट रासायनिक बंधाने जोडावा लागतो. या जोडणीला प्रयोगशाळेत सगळे ‘डेरिव्हटायझेशन’ म्हणतात आणि जोडून तयार झालेल्या संयुगाला मराठीत अनुजात म्हणतात. या तंत्राला आधुनिक रूप देणारा जॉर्गेन्सन आणि लुकाक्स यांचा १९८१ सालचा शोधनिबंध ७५ मायक्रोमीटरच्या काचनळ्यांवर आधारलेला होता, आणि त्यातही अमिनो आम्ले, डायपेप्टाइडे व अमाइने यांचे फ्लुओरेसन्स देणारे अनुजातच वेगळे करून दाखवले होते. अनुजातांची ही रीत, म्हणजे, या तंत्राच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे.

१. अनुजात खरोखरच हवा आहे का, हे ठरवा

प्रत्येक जोडणी ही चुकीची एक नवी शक्यता असते. म्हणून जेथे जोडणीशिवाय काम होते तेथे ती टाळावी. हिस्टामिनमध्ये इमिडाझोलचे वलय असल्यामुळे ते २१० नॅनोमीटरच्या आसपास स्वतःच प्रकाश शोषते, आणि आम्लधर्मी फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) ते धनभारित असल्याने चटकन पुढे सरकते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय खाद्यमानक संस्थेच्या मासळीविषयक मानकांमध्ये हिस्टामिनची स्वच्छताविषयक मर्यादा किलोमागे २०० मिलिग्रॅम आहे. तेवढे हिस्टामिन थेट मोजता येते, त्यासाठी रात्रभर अभिक्रिया चालवण्याची गरज नसते. शोषण नसलेल्या साध्या अमाइनांसाठी बफरमध्ये इमिडाझोल घालून अप्रत्यक्ष शोषण, म्हणजे अमाइन पुढून जाताना बफरचे शोषण किती घटते ते, मोजण्याची पद्धत आहे, तसेच स्पर्शविरहित विद्युत्‌वाहकता शोधकही आहे.

तुम्हाला अनेक अमाइने एकाच वेळी, फार कमी प्रमाणात आणि गुंतागुंतीच्या नमुन्यात मोजायची असतील, तरच पुढे वाचा.

२. अमाइनाचा प्रकार आणि शोधक पाहून अभिकर्मक निवडा

नवशिक्याची पहिली चूक येथे होते. कपाटात जो अभिकर्मक (जोडणी घडवणारे रसायन) असेल तो उचलला जातो. त्याऐवजी दोन प्रश्न विचारा. माझे अमाइन प्राथमिक आहे, द्वितीयक आहे की तृतीयक, म्हणजे त्याच्या नायट्रोजनावर दोन हायड्रोजन आहेत, एक आहे की एकही नाही? आणि माझ्या यंत्राला कोणता शोधक जोडलेला आहे, लेझर असेल तर कोणत्या तरंगलांबीचा?

ऑर्थो-थॅलाल्डिहाइड, म्हणजे ओपीए, हा थायॉलच्या (गंधकयुक्त संयुगाच्या) सोबतीने फक्त प्राथमिक अमाइनांशी अभिक्रिया करतो. अभिक्रिया एक-दोन मिनिटांत होते, अभिकर्मकाला स्वतःचा फ्लुओरेसन्स नसतो, आणि अनुजात ३४० नॅनोमीटरला उत्तेजित होऊन ४५० च्या आसपास प्रकाश देतो. त्याचा दोष असा, की अनुजात म्हणून तयार होणारे आयसोइंडोल टिकाऊ नसते. फ्लुओरेसकामाइनही प्राथमिक अमाइनांपुरताच आहे. तो काही सेकंदांत जोडला जातो आणि उरलेला अभिकर्मक पाण्याने निष्क्रिय होतो, त्यामुळे पार्श्वभूमी स्वच्छ राहते. त्याचे उत्तेजन ३९० नॅनोमीटरजवळ आहे.

डॅन्सिल क्लोराइड, एफएमओसी क्लोराइड, एनबीडी-एफ आणि फ्लुओरेसिन आयसोथायोसायनेट, म्हणजे एफआयटीसी, हे चार प्राथमिक आणि द्वितीयक अशा दोन्ही अमाइनांना चालतात. यंत्राला केवळ अतिनील शोधक असेल, तर डॅन्सिल किंवा एफएमओसी घ्या. डॅन्सिल फिनॉलच्या गटालाही चिकटतो, म्हणून टायरामिनसारख्या रेणूवर दोन जोडण्या होऊ शकतात, हे लक्षात ठेवा. ४८८ नॅनोमीटरचा लेझर असेल, तर एफआयटीसी आणि एनबीडी-एफ त्याच्याशी चांगले जुळतात. एनबीडी-एफची अभिक्रिया ६० अंश सेल्सिअसला काही मिनिटांत होते, एफआयटीसीला रात्रभर लागते.

तृतीयक अमाइनावर जोडणीसाठी हायड्रोजनच नसतो. ट्रायइथिलअमाइन हे औषधनिर्मितीतील अगदी नेहमीचे अमाइन असल्याने बडोद्याच्या प्रयोगशाळांत त्याचे नमुने वारंवार येतात. यांपैकी कोणत्याही अभिकर्मकाने ते मोजले जाणार नाही. त्यासाठी पहिल्या पायरीतील जोडणीविना चालणाऱ्या पद्धतींकडेच वळावे लागते.

नॅफ्थॅलीन डायकार्बोक्साल्डिहाइड, म्हणजे एनडीए, याचे अनुजात ओपीएपेक्षा टिकाऊ आणि तेजस्वी असतात, पण त्याला सायनाइड लागते. सायनाइडचे द्रावण आम्लाशी आले की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो, आणि आपले नमुने तर बहुधा आम्लातच काढलेले असतात. सायनाइड हाताळण्याची लेखी परवानगी, प्रशिक्षित सहकारी आणि वेगळा टाकाऊ डबा या तिन्ही गोष्टी जेथे नाहीत, तेथे नव्या माणसाने या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

३. साहित्य आणि कागदपत्रे जमवा

काम सुरू करण्यापूर्वी पुढील गोष्टी टेबलावर असाव्यात :

- प्रत्येक प्रमाणित अमाइनाचे विश्लेषण प्रमाणपत्र. त्यावर शुद्धता आणि क्षाराचे रूप लिहिलेले असते
- सर्व अभिकर्मकांची सुरक्षा माहितीपत्रके, आणि मायक्रोपिपेटांचे चालू वर्षाचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र
- पाने क्रमांकित असलेली नोंदवही
- सोडियम टेट्राबोरेट, बोरिक आम्ल, सोडियम हायड्रॉक्साइड, सोडियम डोडेसिल सल्फेट
- निवडलेला अभिकर्मक आणि त्याच्यासाठी कोरडा द्रावक (अ‍ॅसिटोन, अ‍ॅसिटोनायट्राइल किंवा डायमिथिल सल्फॉक्साइड)
- अतिशुद्ध पाणी, ०.२ मायक्रोमीटरचे सिरिंज फिल्टर, पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या
- गरम आणि थंड दोन्ही करून तापमान स्थिर ठेवणारा ड्राय ब्लॉक (नळ्या ठेवायचा धातूचा ठोकळा), लहान इलेक्ट्रोडचा पीएच मीटर, अ‍ॅल्युमिनियम फॉइल

यातील दोन गोष्टींविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या यासाठी, की स्पर्मिन आणि स्पर्मिडिन ही अनेक धनभार असलेली अमाइने काचेला चिकटतात, आणि विरल द्रावणातला मोठा भाग बाटलीच्या भिंतीवरच राहतो. ड्राय ब्लॉक यासाठी, की परदेशी पद्धतींत लिहिलेले ‘खोलीचे तापमान’ २० ते २५ अंश असते. बडोद्यात मे महिन्यात पारा ४२ अंशांवर जातो आणि रात्री वातानुकूलन बंद झाले की टेबलावरची नळी ३५ अंशांवर असते. त्याच नळीतील अभिक्रिया जानेवारीत वेगळ्या वेगाने चालते. आमच्या हिवाळ्यातील आणि उन्हाळ्यातील निकालांचा मेळ बसेना, त्याचे मूळ शेवटी येथेच सापडले.

एफआयटीसी विकत घेताना बाटलीवर ‘आयसोमर १’ लिहिलेले आहे याची खात्री करा. हा अभिकर्मक ५ आणि ६ या दोन स्थानांच्या समघटकांच्या मिश्रणाच्या रूपातही मिळतो आणि तो स्वस्त असतो, पण त्याने आलेखात प्रत्येक अमाइनाची एकाऐवजी दोन शिखरे येतात.

४. प्रमाणित द्रावण बनवताना क्षाराचे वजन वजा करा

बहुतेक अमाइने हायड्रोक्लोराइड क्षाराच्या रूपात मिळतात, आणि निकाल मात्र मुक्त अमाइनाच्या रूपात द्यायचा असतो. हिस्टामिनचे रेणुभार १११.१५ आहे, त्याच्या डायहायड्रोक्लोराइडचे १८४.०७. म्हणजे मिलिलीटरमागे १ मिलिग्रॅम हिस्टामिन हवे असेल, तर १.६६ मिलिग्रॅम क्षार तोलावा लागतो. पुट्रेसिनसाठी हा गुणक १.८३, कॅडाव्हेरिनसाठी १.७१ आणि टायरामिनच्या मोनोहायड्रोक्लोराइडसाठी १.२७ आहे. हे गुणक नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. हा हिशेब विसरला तर सगळा कॅलिब्रेशन आलेख सुंदर सरळ येतो आणि तरीही प्रत्येक आकडा सव्वापट ते पावणेदोनपटीहून जास्त चुकलेला असतो. आलेखाकडे पाहून ही चूक कधीच कळत नाही.

मूळ द्रावण ०.१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लात बनवून ४ अंशांवर ठेवा, आणि अंतर्गत प्रमाणक (तुलनेसाठी प्रत्येक नमुन्यात ठरावीक प्रमाणात घालायचा पदार्थ) म्हणून नमुन्यात नसलेले एखादे डायअमाइन निवडा. जैविक अमाइनांसाठी १,७-डायअमिनोहेप्टेन सोयीचे पडते. ते नमुन्याच्या निष्कर्षणापूर्वी घालायचे असते, अभिक्रियेच्या आधी घाईने नव्हे, नाहीतर निष्कर्षणातील नुकसान त्याला दिसणारच नाही.

५. नळीतील मोलांचा जमाखर्च मांडा

या लेखातील सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे. पिपेट हातात घेण्यापूर्वी एका कागदावर नळीत किती आम्ल, किती अमाइन आणि किती अभिकर्मक जाणार आहे ते मोलांमध्ये लिहून काढा.

मी ज्या कामात अडकले होते त्याचेच उदाहरण घेते. वेरावळहून बर्फात आलेल्या माशांचे नमुने होते. १० ग्रॅम मांस ५ टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लात घोटून, गाळून ५० मिलिलीटर केले जाई. त्यातील १०० मायक्रोलीटर अर्क, ०.२ मोलरचे ९.५ पीएचचे बोरेट बफर ४०० मायक्रोलीटर आणि १० मिलिमोलर एफआयटीसी ५० मायक्रोलीटर अशी आमची कृती होती. प्रमाणित द्रावणांत उत्तम शिखरे येत. माशाच्या अर्कात मात्र हिस्टामिनचे शिखर दिसेनासे होई, इतकेच काय, वरून मुद्दाम घातलेले हिस्टामिनही दिसत नसे.

आता जमाखर्च पाहा. प्रथम आम्ल. ५ टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल म्हणजे सुमारे ०.३ मोलर, त्यामुळे १०० मायक्रोलीटरमध्ये ३०.६ मायक्रोमोल आम्ल नळीत जाते. ४०० मायक्रोलीटर बफरमध्ये एकूण ८० मायक्रोमोल बोरेट आणि बोरिक आम्ल आहे, आणि बोरिक आम्लाचा पीकेए (ज्या पीएचला ते निम्मे आम्ल आणि निम्मे बोरेट असते) ९.२४ धरला तर ९.५ पीएचला त्यातले सुमारे ५१ मायक्रोमोल आम्ल सोसू शकणाऱ्या रूपात असतात. त्यांतून ३०.६ खर्च झाले की पीएच ९.५ वरून ८.८ च्या आसपास घसरतो. कोणी १० टक्के आम्ल वापरले असेल, तर ६१ मायक्रोमोल आम्लापुढे बफर पुरताच संपतो. अमाइनाचा नायट्रोजन प्रोटॉन घेऊन बसला की तो अभिकर्मकावर हल्ला करू शकत नाही, म्हणून पीएचची ही घसरण म्हणजे थेट अभिक्रियेची घसरण आहे.

दुसरे खाते अमाइनांचे. ट्यूनासारख्या गडद मांसाच्या माशांत मुक्त हिस्टिडिन किलोमागे १० ग्रॅमच्या घरात असू शकते. तसे असेल तर आपल्या अर्कात त्याचे प्रमाण लीटरमागे २ ग्रॅम, म्हणजे सुमारे १३ मिलिमोलर होते, आणि १०० मायक्रोलीटरमध्ये १.३ मायक्रोमोल हिस्टिडिन येते. आपण घातलेला एफआयटीसी मात्र ०.५ मायक्रोमोलच आहे. बाकीची अमिनो आम्ले धरलेलीच नाहीत. मर्यादेइतके हिस्टामिन असले, तरी ते नळीत फक्त ०.०३६ मायक्रोमोल असते, आणि अभिकर्मकासाठीच्या या गर्दीत त्याच्या वाट्याला काय येणार? आम्ही अभिकर्मक जास्तीचा आहे असे गृहीत धरत होतो, प्रत्यक्षात तो तुटवड्यात होता.

दोन्ही खात्यांवरचा उपाय एकच निघाला. अर्क अभिक्रियेपूर्वी पाण्याने २० पट विरल करायचा. मग आम्ल १.५ मायक्रोमोलवर येते आणि बफरला त्याची दखलही घ्यावी लागत नाही, हिस्टिडिन ०.०६५ मायक्रोमोलवर येते आणि एफआयटीसी त्याच्या जवळजवळ आठपट उरतो. हिस्टामिन अर्थातच त्याच प्रमाणात कमी होते, पण लेझर शोधकाला नॅनोमोलर पातळीवरचे अनुजात दिसतात, म्हणून ते परवडते. कमी पदार्थ मोजायचा असताना नमुना आणखी विरल करणे मनाला पटत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. तरीही हिशेब कागदावर मांडला की दुसरा मार्ग दिसत नाही.

हिशेब बरोबर आहे का, हे तपासण्याची सोपी कसोटी आहे. त्याच अर्कात अभिकर्मक दुप्पट घालून पाहा. शिखराचे क्षेत्रफळ वाढले, तर अभिकर्मक कमी पडत होता. तसेच मिश्रण तयार झाल्यावर त्याचा पीएच प्रत्यक्ष मोजा. बफरच्या बाटलीवर लिहिलेला पीएच हा मिश्रणाचा पीएच नव्हे.

६. अभिक्रिया चालवा

एफआयटीसीचे १० मिलिमोलर द्रावण कोरड्या अ‍ॅसिटोनमध्ये किंवा डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये, मिलिलीटरला ३.९ मिलिग्रॅम या प्रमाणात, त्याच दिवशी बनवा. पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत अभिकर्मकाची बाटली फ्रीजमधून काढल्याबरोबर उघडू नका. ती खोलीच्या तापमानाला येईपर्यंत बंद ठेवा, नाहीतर आत दव धरते आणि आयसोथायोसायनेट पाण्याशी अभिक्रिया करून वाया जाते.

वर दिलेल्या प्रमाणांत बफर, विरल अर्क आणि शेवटी अभिकर्मक घाला, लगेच ढवळा, नळी फॉइलमध्ये गुंडाळा आणि २५ अंशांच्या ड्राय ब्लॉकमध्ये १४ ते १६ तास ठेवा. पहिल्यांदा हे काम करताना एकाच नमुन्याच्या सात-आठ नळ्या लावून १, २, ४, ८, १२, १६ आणि २० तासांना मोजा, म्हणजे तुमच्या अमाइनांसाठी क्षेत्रफळ केव्हा स्थिरावते ते तुम्हालाच दिसेल. पुट्रेसिनसारख्या डायअमाइनावर आधी एक आणि मग दुसरी जोडणी होते. अभिक्रिया अर्धवट थांबली तर एकाच अमाइनाची दोन शिखरे मिळतात आणि त्यांचे प्रमाण रोज बदलते.

ओपीए वापरत असाल तर घड्याळ उलट बाजूने धावते. अनुजात दोन मिनिटांत तयार होतो आणि मग मोडू लागतो. दहा नमुने एकदम मिसळून यंत्राच्या ट्रेमध्ये रांगेने ठेवले, तर दहाव्याची पाळी येईपर्यंत त्यातला बराच भाग नष्ट झालेला असतो. प्रत्येक नमुना इंजेक्शनच्या ठरावीक मिनिटे आधी मिसळा. बऱ्याच यंत्रांत कॅपिलरीच्या तोंडाशीच नमुना आणि अभिकर्मक यांचे छोटे थर एकामागून एक घेऊन आतच अभिक्रिया घडवता येते, पण ती सोय पहिल्या महिन्यात वापरू नये, कारण चूक कोठे झाली हे शोधणे तेथे फार कठीण जाते. ओपीएसोबतचा मर्कॅप्टोइथॅनॉल फ्यूम हूडमध्येच उघडा.

७. कोरी नळी आधी चालवा

नमुन्याच्या जागी फक्त पाणी, बाकी सगळे जसेच्या तसे, आणि तेवढाच वेळ ठेवलेली नळी म्हणजे ब्लँक. एफआयटीसीच्या ब्लँकमध्ये अनेक शिखरे असतात, कारण अभिकर्मक स्वतः फ्लुओरेसन्स देतो, त्याचे पाण्याशी झालेले उत्पाद देतात आणि मूळच्या अशुद्धीही देतात. त्या शिखरांची ओळख झाल्याशिवाय नमुना चालवू नका.

एकदा आमच्या ब्लँकमध्ये एक नवे, मोठे शिखर येऊ लागले. पाणी बदलले, बफर बदलला, नवी बाटली फोडली. तीन आठवडे गेले. आमच्याकडे ज्येष्ठ असलेल्या एक ताई शेवटी म्हणाल्या, “अगं, नळीकडे काय बघतेस, टेबल कशाने पुसतात ते बघ.” काचा आणि टेबले पुसण्याच्या द्रवात अमोनिया होता. अमोनियाही एफआयटीसीशी जोडला जातो. तो द्रव बंद झाला आणि शिखर गेले.

याच कारणाने अभिक्रियेच्या जवळपास ट्रिस, ग्लायसिन किंवा अमोनियमचे कोणतेही क्षार येऊ देऊ नका. ट्रिस बफर जैवरसायनाच्या प्रत्येक प्रयोगशाळेत असतो, पण तो स्वतः प्राथमिक अमाइन आहे आणि सगळा अभिकर्मक तोच खाऊन टाकतो. हातमोजे घाला, कारण बोटांच्या घामातही अमिनो आम्ले असतात.

८. कॅपिलरी तयार करून अनुजात वेगळे करा

५० मायक्रोमीटर आतल्या व्यासाची, ६० सेंटिमीटर लांबीची नवी कॅपिलरी १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने २० मिनिटे, पाण्याने १० मिनिटे आणि बफरने २० मिनिटे धुवा. तिची टोके काटकोनात आणि गुळगुळीत कापलेली असावीत. दातेरी टोकामुळे शिखराला शेपूट येते. शोधकाच्या खिडकीसाठी पॉलिइमाइडचा थर जाळून काढला की तो भाग अगदी ठिसूळ होतो, तेथे हात लावू नका. दोन धावांच्या मध्ये ०.१ मोलर हायड्रॉक्साइड, पाणी आणि बफर यांनी दोन-तीन मिनिटे धुणे पुरते.

अभिक्रियेचे मिश्रण इंजेक्शनपूर्वी पाण्याने १०० पट विरल करा. एक तर जास्तीच्या एफआयटीसीचे शिखर त्यामुळे आटोक्यात राहते, दुसरे असे की नमुन्याच्या थरात क्षार कमी असले म्हणजे तेथे विद्युत्‌क्षेत्र तीव्र होऊन अनुजात एका अरुंद पट्ट्यात गोळा होतात. वर सांगितलेल्या कॅपिलरीचे एकूण आकारमान जेमतेम १.२ मायक्रोलीटर आहे, म्हणून नमुन्याचा थर लांबीच्या एक टक्क्यापेक्षा, म्हणजे सुमारे १२ नॅनोलीटरपेक्षा, मोठा होऊ देऊ नका.

सुरुवातीचा बफर म्हणून २० मिलिमोलर सोडियम टेट्राबोरेट घ्या. त्याचा पीएच आपोआप ९.२ च्या आसपास येतो. या पीएचला फ्लुओरेसिनचा गट ऋणभारित असतो आणि पूर्ण तेजाने प्रकाश देतो, आम्लधर्मी बफरमध्ये तो मंदावतो. दोन जोडण्या झालेल्या डायअमाइनांवर ऋणभार जास्त असल्याने ती एकेरी जोडणीच्या अनुजातांपेक्षा उशिरा पोचतात. शिखरे एकमेकांवर चढत असतील, तर बफरमध्ये ३० ते ५० मिलिमोलर सोडियम डोडेसिल सल्फेट घालून पाहा. डॅन्सिल किंवा ओपीएच्या ज्या अनुजातांवर भारच नसतो, त्यांच्यासाठी ते घालणे पर्यायी नाही, आवश्यकच आहे, कारण त्याचे मिसेल (रेणूंचे सूक्ष्म गोळे) नसतील तर ते सगळे एकत्रच बाहेर येतात.

व्होल्टेज ठरवताना ५ किलोव्होल्टच्या टप्प्यांनी वाढवत जा आणि प्रत्येक वेळी प्रवाह लिहून आलेख काढा. जेथे आलेख सरळ रेषा सोडून वर वळतो, तेथून पुढे कॅपिलरी आतून तापू लागलेली असते. त्याच्या खाली राहा. बफरच्या दोन्ही बाटल्यांतली पातळी सारखी ठेवा, आणि इलेक्ट्रोडांपाशी पाण्याचे विघटन होऊन पीएच सरकत असल्याने त्या दर सहा-सात धावांनंतर बदला.

९. शिखर ओळखा, मग मोजा

केवळ वेळेवरून शिखराला नाव देऊ नका. कॅपिलरीच्या भिंतीची अवस्था बदलली की सगळ्या वेळा पुढे-मागे होतात. अंतर्गत प्रमाणकाच्या वेळेशी गुणोत्तर काढा, आणि शंका असेल तेथे नमुन्यात ते अमाइन वरून घालून तेच शिखर वाढते का ते पाहा. हे वरून घालणे अभिक्रियेपूर्वीच करावे.

क्षेत्रफळाला स्थलांतराच्या वेळेने (पट्ट्याला खिडकीपर्यंत पोचायला लागलेल्या वेळेने) भागायला विसरू नका. या तंत्रात प्रत्येक पट्टा खिडकीसमोरून स्वतःच्या वेगाने जातो, म्हणून सावकाश जाणारा पट्टा जास्त वेळ दिसतो आणि त्याचे क्षेत्रफळ विनाकारण मोठे भासते. द्रव क्रोमॅटोग्राफीतून आलेल्या माणसाला ही सवय नसते.

कॅलिब्रेशनची प्रमाणित द्रावणेही नमुन्याइतकीच विरल, त्याच दिवशी, त्याच अभिकर्मकाने आणि त्याच ब्लॉकमध्ये अभिक्रिया करून तयार करावीत. एक मिलिमोलर अमाइनाची जोडणी करायची, मग तो अनुजात हजारो पट विरल करायचा आणि त्यावरून शोधमर्यादा जाहीर करायची, ही पद्धत मी अनेक ठिकाणी पाहिली आहे आणि मला ती मान्य नाही. मायक्रोमोलरच्या खाली अमाइन आणि अभिकर्मक यांची गाठ पडणेच मंदावते, त्यामुळे तेवढ्या कमी प्रमाणात असलेल्या खऱ्या नमुन्याबद्दल तो आकडा काहीही सांगत नाही. माशासारख्या नमुन्यासाठी त्याच अर्कात वाढत्या प्रमाणात हिस्टामिन घालून आलेख काढणे जास्त विश्वासाचे आहे.

शेवटचा हिशेब उलट्या क्रमाने करा. अर्क २० पट विरल केला होता हे धरून मूळ अर्कात लीटरमागे ४० मिलिग्रॅम हिस्टामिन निघाले, तर ५० मिलिलीटरमध्ये ते २ मिलिग्रॅम होते, आणि १० ग्रॅम माशात २ मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे २०० मिलिग्रॅम, बरोबर कोडेक्सच्या मर्यादेवर. अहवालात हा आकडा मुक्त हिस्टामिनचा आहे हे शब्दांत लिहा, सोबत त्या दिवसाच्या ब्लँकचा आलेख जोडा आणि अभिकर्मकाच्या बाटलीचा बॅच क्रमांक नोंदवा. नवी बाटली फोडली की ब्लँक आणि दुप्पट अभिकर्मकाची कसोटी पुन्हा करून मगच नमुने घ्या.